बायचे पाच सिनेमे

कनात उघडत नव्हती. जितकी ओढावी तितकी ती आवळत होती. मागे गवत पेटलं होतं, वरून तंबूच्या कापडाचे जळते तुकडे पडत होते आणि आम्ही बायका पुढच्या कोपऱ्यात एकीवर एक रेटून त्या जाड कापडाला नखांनी ओरबाडत होतो. धूर आधी डोळ्यांत जात नाही, घशात जातो, हे मला तेव्हा कळलं. ओरडायला तोंड उघडलं की खोकलाच यायचा. माझं तोंड सासूच्या पाठीवर दाबलं गेलं होतं आणि माझ्या पाठीवर आणखी कुणाचं तरी. बाहेरून पुरुषही तीच कनात ओढत होते, त्यामुळे ती आणखीच घट्ट होत होती. तेवढ्यात माझी थोरली जाऊ त्या गर्दीतून सुटली आणि उलट्या दिशेला चालू लागली. आगीकडे. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

ही माझी जाऊ मागच्या महिन्यात वारली. नाव यमुना, पण मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून तिला बाय म्हणत आले. पुतण्याचा सकाळी फोन आला. म्हणाला, “काकू, आय गेली. चहा घेतला, कप खाली ठेवला नि गेली.” मी विचारलं, कप फुटला का? तो म्हणाला, नाही. मग तिने नीटच ठेवला असणार. नव्वदीच्या पुढे होती, नक्की वय कुणाला ठाऊक नव्हतं. तेराव्याला लोक बोलले की ती फार प्रेमळ होती, कुणाला कधी उलटून बोलली नाही. मी मागे बसून ऐकत होते. उलटून बोलली नाही असा तिचा एक दिवस गेला नसेल. माशाचा मधला तुकडा ती स्वतःच्या ताटात घ्यायची आणि शेपटी मला वाढायची. खोटं बोलायची, आणि पकडली गेली तर हसायची. चौथीपर्यंत शिकलेली मी होते, तिला सहीसुद्धा येत नव्हती, तरी हिशोबात ती मला हरवायची. मी लिहिणार आहे ते तिच्या चांगुलपणाबद्दल नाही. एका वर्षाबद्दल आहे. त्या वर्षी आम्ही पाच सिनेमे पाहिले.

जर्मनची मोठी लढाई संपली त्याच्या पुढचं ते वर्ष, म्हणजे सेहेचाळीस साल. माझं माहेर शहापूर तालुक्यात किन्हवलीकडे, सासर मुरबाडच्या पुढे, म्हशापासून तासाभराच्या चालीवर. मी पंधरा वर्षांची होते, बाय बाविशीची असेल. भात कापून झालं की आमच्याकडे गवताचा हंगाम लागायचा. डोंगरावरचं गवत कापून पेंढ्या बांधायच्या, त्या वखारीत जायच्या, तिथून गाड्या भरून आगगाडीला, आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांत. कापणीला सगळ्या बायकाच असत. मुकादम पेंढ्या पाच-पाच मोजायचा, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. हे मोजणं बायला इतकं अंगवळणी पडलं होतं की ती कोंबड्यासुद्धा पाचुंद्यांत मोजायची. त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच मुरबाडला तंबूतला सिनेमा आला. मोठी मोटार, तिच्यावर धडधडणारं इंजिन, पडद्याचं पांढरं कापड आणि एक मालक. मालकाची बायको बायकांच्या दाराशी बसायची. तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, आम्ही तिला तंबूवाली म्हणायचो. तिकिटाऐवजी ती तांदूळही घ्यायची.

पहिला सिनेमा देवाचा होता. पुरुष दोन-दोनदा पाहून आले होते. बाय सासूला म्हणाली, “आय, देव मुरबाडपर्यंत आलाय नि आमी घरात बसाचं? पाप लागंल.” सासू म्हणाली, “देव देवळात असतो.” बाय म्हणाली, “देवळातला हलत नाय. ह्यो हलतो.” सासूने तिकिटाचे तांदूळ काढून दिले. आम्ही पाचजणी गेलो, एक पाचुंदा. पडद्यावर देव आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, एकीने खांबावर नारळ फोडला, त्याचं पाणी पुढच्या माणसाच्या टोपीवर उडालं. मीही हात जोडले होते. देव मोठं भाषण करत होता आणि मध्येच खोकला. खराच खोकला, तोंडावर हात नेऊन. बाय माझ्या कानाशी म्हणाली, “त्याला बी थंडी बाधली गो.” मला हसू आवरेना. देवासमोर हसले म्हणून घरी येईपर्यंत मी घाबरलेली होते. तिला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी गवत कापताना तिने सगळा सिनेमा बायकांना सांगितला. सांगताना देवाला तीन वेळा खोकायला लावलं आणि शेवटी देवाच्या बायकोने त्याला आल्याचा काढा दिला. सिनेमात काढा नव्हता. पण मी पाहिलेल्या सिनेमापेक्षा तिचा सिनेमा बरा होता, हे मला तेव्हाच कबूल करावं लागलं.

त्यामुळे दुसऱ्या सिनेमाला बारा बायका निघाल्या. तो आगगाडीचा होता. बारापैकी आगगाडी फक्त मी पाहिलेली, आसनगावला, म्हणून त्या दिवशी मला भाव होता. सिग्नलवाल्याची मुलगी बाप आजारी पडल्यावर रुळांतून धावते, लुगड्याचा पदर हलवून गाडी थांबवते, अशी गोष्ट. पण सगळं हिंदी. आम्हाला हिंदी येत नव्हतं, बायलाही नव्हतं, पण तिने ते कबूल केलं नाही. ती मोठ्याने सांगायला लागली, “बाप म्हणतो, माझी गोधडी आण. ती म्हणते, गोधडी धुवायला टाकलीय.” मधल्या कापडापलीकडून पुरुष ओरडले, “ए, गप बसा ना.” थोड्या वेळाने तेच विचारू लागले, “आता काय बोलला गो तो?” शेवटी शेवटी अर्धा तंबू बायचंच ऐकत होता. परत येताना ती एवढंच म्हणाली, “गाडी तीनदा गेली, पण झाड एकच होतं. तेच वाकडं झाड. आपल्याला येडं समजतात.” मी गाडीत इतकी गुंगले होते की मला झाड दिसलंच नव्हतं.

ह्याच सिनेमानंतर कुरबुर सुरू झाली. कुणीतरी मधलं कापड सारून बायकांकडे पाहिलं, अशी गावात बोलवा झाली. आमच्या गावचे पाटील तसे वाईट माणूस नव्हते, पण त्यांची सून बायबरोबर जाऊ लागली होती आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी बायकांचं जाणं बंद केलं. बाय त्यांच्या ओटीवर गेली, मी तिच्या मागे उभी. ती म्हणाली, “पाटीलमामा, काय केलं म्हंजे बायका जातील ते सांगा.” पाटील म्हणाले, “चारी बाजूंनी कनात पायजे. बंद. आत मुंगी जायला नको.” बाय म्हणाली, “कनात लावून घेते. आणि?” पाटील म्हणाले, “आणि उद्या काय झालं तर जबाबदारी कुणाची?” ती म्हणाली, “माझी. जितक्या नेईन तितक्या आणीन. एक कमी झाली तर मला गावात घेऊ नका.” घरी सासरे आणि माझे थोरले दीर, म्हणजे तिचा नवरा, तिच्यावर खवळले, कारण तिने घराला न विचारता शब्द दिला होता. पण शब्द गेला होता. तेव्हापासून ती बायकांचे पाच-पाचचे पाचुंदे करायची. प्रत्येकीने पुढचीचा पदर धरायचा, तंबूत शिरताना एकदा मोजायचं आणि गावच्या वेशीत दुसऱ्यांदा. अंगावर पिणारं मूल असेल तिला नेत नसे. त्यावरून दोघी तिच्याशी अबोला धरून होत्या, तिने तो खुशाल धरू दिला.

तंबूवालीने कनात आणली. तिच्या कडांना भोकं होती. एका कडेला दोरीचे फासे, ते दुसऱ्या कडेच्या भोकांतून काढायचे आणि वरून खाली एकात एक ओवत यायचं, शेवटचा फासा जमिनीजवळच्या खुंटीला. खुंटीवरचा फासा काढला की सगळे आपोआप सुटतात. मधूनच ओढले तर आवळतात. आम्ही आत गेलो की तंबूवाली दार आतून असं ओवून घ्यायची आणि आमच्यातच बसायची. हे ओवणं मीही दर वेळी बघत होते. पण मी पडद्याकडे तोंड करून बसायचे आणि बाय सगळीकडे बघायची.

तिसऱ्या सिनेमाला सासूही आली. सासुरवाशिणीची गोष्ट होती. ती सून मार खाते, उपाशी राहते, कुणाला काही बोलत नाही आणि शेवटी मरते. मग सगळे रडतात. बायकांची नाकं वाहत होती, मीसुद्धा रडले, आणि सासू तर पदर तोंडात घालून हुंदके देत होती. बाय एकटी कोरडी. अंधारातच म्हणाली, “हिला तोंड हाय का नाय?” परतीच्या वाटेवर तिने सासूला विचारलं, “आय, तुमी कुणासाठी रडलात?” सासू म्हणाली, “त्या सुनेसाठी गो, कुणासाठी...” बाय म्हणाली, “आपल्या घरात बी दोन हायत. जिवंत हायत तवर त्यांच्यासाठी बी रडा थोडं.” सासू दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा चूल पेटलेली होती आणि चहाचं आधण सासूने ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून सकाळची चूल तिची झाली. सिनेमाने माणूस सुधारत नाही असं म्हणतात. आमच्या घरापुरतं मी सांगते, सुधारला.

चौथा सिनेमा हसण्याचा. दोन भावांत एकच कोट, दोघांनाही एकाच दिवशी मुलगी बघायला जायचं. सासू इतकी हसली की तोंडातली मशेरी गिळली आणि घरी येईपर्यंत उचक्या देत होती. त्या सिनेमाबद्दल सांगण्यासारखं एवढंच. बाकी गोष्ट मी विसरले, उचक्या आठवतात. पण ह्याच खेळाला बायने एक चूक केली. पौषाची थंडी होती, खालची जमीन गार, म्हाताऱ्यांचे गुडघे धरायचे. बाय मालकाला म्हणाली, “मुलुख गवताचा नि आमी मातीत बसाचं? पेंढ्या टाका खाली. नाय तर उद्यापासून येत नाय.” मालकाने वखारीतून दोन गाड्या गवत आणून बायकांच्या बाजूला गुडघाभर पसरलं. आम्ही राण्यांसारख्या बसलो. ज्या बायका वर्षभर गवतात कामाला वाकायच्या, त्या पहिल्यांदा गवतावर नुसत्या बसल्या होत्या. बंद कनात आणि आत गुडघाभर सुकं गवत, हे दोन्ही आम्हीच मिळवलेलं, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

पाचवा सिनेमा म्हशाच्या जत्रेत. तंबू मुरबाडहून कनात नि गवतासकट तिकडे गेला, बैलबाजाराच्या कडेला लागला. बायकांच्या बाजूला बाय सोडून आम्ही तेवीसजणी, चार पाचुंदे आणि वर तीन. बायका जायच्या तो खेळ दिवेलागणीला असे, म्हणजे घरी जाऊन भाकऱ्या टाकता येत. गोष्ट कुंभारणीची होती. राजा तिच्या नवऱ्याला खोट्या आळावर कोठडीत टाकतो आणि ती गाढव हाकत दरबारात जाते. मराठी बोलणं होतं, सगळं कळत होतं. बायसुद्धा गप्प. मी तिला सिनेमात गप्प बसलेली त्या एकाच दिवशी पाहिली. कुंभारीण दरबारात उभी राहते. सगळे सरदार हसतात. राजा हात वर करून त्यांना थांबवतो आणि म्हणतो, “बोल.” तिने मान वर केली, तोंड उघडलं... आणि तिच्या तोंडाच्या जागी पडद्यावर एक तपकिरी डाग पडला. तो पसरत गेला. मशीनमध्ये फीत अडकून जळाली होती. मशीन आमच्या मागे फळ्यांच्या माच्यावर होतं. तिथून पेटलेली फीत आमच्या बाजूला गवतात पडली.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. पुरुषांची बाजू उघडी, ते बाहेर धावले. आग दाराशी, म्हणून आम्ही पुढच्या कोपऱ्यात पळालो. तिथेही दोन कडा तशाच ओवलेल्या होत्या, पण तिथला शेवटचा फासा बाहेरच्या अंगाला होता, हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि बाहेर ओढणाऱ्या पुरुषांनाही नाही. बायने कापडाला हात लावला, एकदा ओढून पाहिलं आणि सोडलं. तिला कळलं की हे कोडं सोडवणारी बाई आतच आहे. ती मागे गेली. तंबूवाली दाराजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. बायने तिला विचारलं, “शेवटचा फासा कुठं हाय?” ती बोलेना. बायने तिच्या कानशिलात लगावली. आवाज मला पुढच्या कोपऱ्यात ऐकू आला. तंबूवाली म्हणाली, “खाली... गवताखाली... सापडंना.”

गुडघाभर गवताखाली ती खुंटी बुडाली होती आणि गवताचं वरचं अंग जळत होतं. बायने डावा हात कोपरापर्यंत त्यात घातला. चाचपडायला वेळ लागला. मी तिचं तोंड पाहिलं, दात दाबलेले होते. मग तिने काहीतरी उपटल्यासारखं केलं आणि फासे खालून वर एकेक करून सुटत गेले. कनात दोन बाजूंना पडली. बाहेरची गार हवा आत आली आणि आग एकदम उंच झाली.

आता वाट होती, पण ती आगीला घासून होती, आणि एकही बाई कोपरा सोडून तिकडे यायला तयार नव्हती. मी तर नव्हतेच. तेव्हा बाय ओरडली. बायांनो, पळा, वाचा, असलं काही ओरडली नाही. रोज कापणीवर मुकादमाला पेंढ्या मोजून देताना ओरडायची तसंच ओरडली, “पयला पाचुंदा!” आमचे पाय तिच्या आवाजाला सवयीचे होते. पहिल्या पाचजणी पदर धरून निघाल्या, त्यात सासू. “दुसरा!” तिसऱ्यात मी. जाताना माझ्या लुगड्याचं टोक पेटलं, ते बायने पायाने दाबून विझवलं आणि मला पाठीत धक्का दिला. चौथा गेला, वरच्या तिघी गेल्या. त्यानंतर तिने तंबूवालीला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. बाहेर येऊन तिने मोजणी केली. पुन्हा केली. मग दीर धावत आले त्यांना म्हणाली, “तेवीस नेल्या, चोवीस आणल्या.” आणि बैलांच्या पाण्याच्या हौदात हात घालून बसली. मागे तंबू खाली बसला.

तिची डाव्या हाताची दोन बोटं चिकटली ती कायमची. सासूने खोबरेल लावून केळीच्या पानात हात बांधला आणि पंधरा दिवस तिला स्वतःच्या हाताने भरवलं. माशाचा मधला तुकडासुद्धा. तेव्हापासून तो तिचाच झाला.

चौथ्या दिवशी गाव देवळापुढे बसलं. आता बायकांचा सिनेमा कायमचा बंद, असं सगळ्यांचं ठरलेलंच होतं, नुसतं बोलायचं बाकी होतं. आम्ही बायका मागे उभ्या. मला वाटलं, संपलं. बाय बांधलेला हात घेऊन पुढे गेली. पाटील म्हणाले, “सूनबाई, तुझं सगळं खरं. शब्द पाळलास. पण आता पुरे.” ती म्हणाली, “पाटीलमामा, गवत मी मागितलं. ती माझी चूक, मी चारचौघांत सांगते. कनात कुणी मागितली?” पाटलांनी अडकित्ता हातात घेतला. ती म्हणाली, “पुरुषांकडे गवत नव्हतं नि कनात बी नव्हती. एकाची टोपी सोडून काय जळलं नाय त्यांचं. मग सिनेमा बंद का करता? कनात बंद करा.” मागून माझी सासू म्हणाली, “बरोबर बोलते ती.” चारचौघांत सासूचा आवाज गावाने तेव्हा पहिल्यांदा ऐकला असेल. सासरे वळून बघत राहिले. पाटलांनी सुपारी कातरून तोंडात टाकली आणि म्हणाले, “मधी दोरी बांधा. एकीकडं बायका, एकीकडं पुरुष. कनात नको.” त्यांची सून माझ्या शेजारी होती. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

तंबूचा मालक आगीतून वाचलेलं मशीन नि सामान बांधून निघाला होता. त्याच्या बायकोने त्याला निघू दिलं नाही. जत्रेच्या शेवटच्या दिवशी दोन बांबूंना पांढरं कापड ताणून, वर आभाळ, खाली माती, असा त्याने उरलेला सिनेमा दाखवला. मध्ये दोरी. घोंगड्या पांघरून बायका बसल्या, आमच्याच गावच्या नाहीत, आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या. अंगावर पिणारी मुलं असलेल्याही आल्या, बायने नाही म्हटलं नाही. मोजणं सोडून दिलं होतं. पण कुंभारीण दरबारात बोलते तो भाग जळून गेला होता. राजाने “बोल” म्हटलं, नंतर पडदा पांढरा झाला, आणि एकदम तिचा नवरा कोठडीतून बाहेर येताना दिसला. म्हणजे ती बोलली आणि जिंकली. काय बोलली ते आमच्यातल्या कुणालाच कधी कळलं नाही.

पण पुढच्या आषाढात भाताची लावणी लागली आणि वाकल्या वाकल्या कुणीतरी विचारलं, “बाय, काय बोलली असंल गो ती?” बाय सरळ उभी राहिली, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, “ती बोलली, राजा, तू पाणी कुणाच्या मडक्यात पितोस? धान्य कुणाच्या रांजणात ठेवतोस? मेल्यावर तुझ्यापुढं कुणाचं मडकं फुटंल? आता मडकं घडवणारा सोड, नाय तर ओंजळीनं पी.” सगळं शेत हसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर तिने वेगळंच सांगितलं. सत्तर वर्षं ती कुंभारणीला वेगवेगळं बोलायला लावत आली. पाटलांशी भांडण झालं की कुंभारीण पाटलांचं बोलायची. माझ्याशी झालं की माझं. नंतर घरात टीव्ही आला, तिने शेकडो सिनेमे पाहिले आणि प्रत्येकाला नावं ठेवली. “ओरडतात लय, बोलत कुणीच नाय,” असं म्हणायची. माझंही तिच्यामुळे असंच झालं आहे. ते पाच सोडून मला एकही आवडला नाही.

मी तिच्यासमोर हे कधी बोलले नाही, कारण ती शेफारली असती. आता लिहून ठेवते.

तंबूत होत्या त्यांची गोष्ट अशी. माझी सासू त्यानंतर अकरा पावसाळे जगली आणि झोपेत गेली. पाटलांची सून बाळंतपणात गेली, पण आधी तिला तीन मुलं झाली होती. एकीला पुढे शेतावर पान लागलं, म्हणजे साप चावून ती गेली. दोघी मुंबईला गेल्या आणि तिकडेच म्हाताऱ्या झाल्या. तंबूवाली पुढच्या दोन जत्रांना आली, मग तंबू यायचाच थांबला, तिचं काय झालं माहीत नाही. बाकीच्या कुणी तापाने, कुणी वयाने गेल्या, आपापल्या घरी. बाय नव्वदीच्या पुढे, चहा पिऊन गेली. मी अजून आहे. त्या संध्याकाळी तिथे कुणी मेली नाही.